अंतर्गळ आणि मच्छरदाणीची जाळी

मोठे शोध मोठ्या शहरांतच लागतात, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची दृढ समजूत आहे. तिला बाध आणणारें एक उदाहरण खानदेशांत, धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा या मिरचीच्या बाजारपेठेच्या गांवीं घडलें आहे.

अंतर्गळ हा विकार नवा नव्हे. सुश्रुतानें सात प्रकारच्या वृद्धि सांगितल्या व त्यांतील अंत्रवृद्धि असाध्य ठरविली. जांघेजवळ पोटाची भिंत दुबळी होऊन आंतडें बाहेर येऊं लागतें. तें अडकून पडलें तर प्राणावर बेततें. १८८४ सालीं इटलींतील एदुआर्दो बास्सिनी यानें ही भिंत थराथरानें शिवण्याची पद्धति सुरू केली, आणि असाध्य तें साध्य झालें. परंतु दुबळे थर ओढून शिवले म्हणजे टांक्यांवर ताण येई, व कित्येकांचा विकार पुन्हा उलटे. १९५८ सालीं अमेरिकेंतील फ्रान्सिस अशर यानें प्लास्टिकच्या जाळीचा उपयोग पुढें मांडला. १९८९ सालीं लिक्टेनस्टीन व त्याचे सहकारी यांनीं एक हजार रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ताण न देतां जाळी ठिगळासारखी बसविली असतां, एक ते पांच वर्षांच्या देखरेखींत एकाचाही अंतर्गळ उलटला नव्हता.

उपाय सांपडला, पण तो महाग होता. पाठीवर पोतीं वाहून पोट भरणाऱ्यानें ती जाळी कोठून आणावी? दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं या प्रश्नाचें उत्तर घरगुती वस्तूंत शोधलें. जाळी म्हणजे अखेर प्लास्टिकच्या धाग्याचें विणकाम. तसलाच धागा मच्छरदाणीच्या कापडांतही असतो. तें कापड निर्जंतुक करून त्यांनीं वापरलें, आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत २००३ सालीं ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्यें दिला.

कडक परीक्षा पुढें दूरदेशीं झाली. युगांडांत ३०२ पुरुषांना, कोणाला कोणती जाळी हें केवळ दैवावर सोंपवून, मच्छरदाणीची किंवा बाजारी जाळी बसविण्यांत आली. २०१६ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें फल प्रसिद्ध झालें. वर्षभरांत स्वस्त जाळीच्या गटांत एकाचा विकार उलटला, महागड्या गटांत कोणाचाही नाहीं; लहानमोठे उपद्रव दोहींकडे शेंकडा तीसच्या आसपास. किंमत मात्र एकीची सुमारें एक डॉलर, तर दुसरीची सव्वाशें.

एक वर्षाची देखरेख म्हणजे आयुष्याची हमी नव्हे, हें खरें. दुकानांतली वाटेल ती मच्छरदाणी, विशेषतः कीटकनाशक लाविलेली, या कामास चालणार नाहीं. धागा व वीण पारखलीच पाहिजे. तथापि “स्वस्त तें हलकें” असें म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गरिबापुढें दोन जाळ्यांतील निवड कधींच नव्हती. जाळी कीं नुसते ताणलेले टांके, एवढाच प्रश्न होता. दोंडाईच्यानें त्याला पहिला पर्याय खुला करून दिला.