खेळाडू मुलांची कॉलेजची फी

"मुलगी टेनिस उत्तम खेळते, पण कॉलेज डिव्हिजन थ्रीचे. फीचे काय?" असे पालक आम्हाला विचारतात. एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मात्र गरजेनुसार मदत दोन्हीकडे मिळते, आणि डिव्हिजन थ्रीच्या अनेक कॉलेजांत अभ्यासातील गुणवत्तेवरही मिळते. म्हणून सरावाइतकेच मार्कांकडे लक्ष हवे.

कॉलेजच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर आधी खर्चाचा अंदाज घ्यावा. नागरिक व ग्रीनकार्डधारक मुलांनी फाफसा अर्ज भरावा. काही कॉलेजे सीएसएस प्रोफाइलही मागतात. एच-४ वरील मुलांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. त्यांनी कॉलेजच्या स्वतःच्या निधीची चौकशी करावी.

प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. मदतीचा आकडा लेखी हाती आल्यावरच होकार कळवा.