एका दिवसात डहाणू-तलासरीचे दुर्ग

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. डहाणू म्हटले की मुंबईकरांना चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि वारली चित्रे आठवतात. मात्र याच दोन तालुक्यांत खाडीकाठचा एक भुईकोट, महामार्गालगतच्या टेकड्यांवरील दोन छोटे गड, दाट रानातला एक उंच गिरिदुर्ग आणि पारशी समाजाच्या इतिहासाशी जोडलेला एक डोंगर आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. राजगड-रायगडासारखे वैभव येथे नाही. नीट आखणी केली तर त्यांतील दोन-तीन ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. आखणी नसेल, तर सारा दिवस महामार्गावरच संपतो.

सीमेवरचे पहारेकरी

या दुर्गांचे महत्त्व त्यांच्या जागेत आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १५५९ मध्ये त्यांनी दमण कायमचे घेतले. या दोन ठाण्यांमधील किनारपट्टी जोडून ठेवण्यासाठी त्यांना केळवे, माहीम, तारापूर, डहाणू अशी साखळी लागली. किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी जव्हार आणि रामनगर ही संस्थाने होती. रामनगरचा राजा दमणच्या मुलखातील गावांकडून 'चौथ' वसूल करीत असे. पोर्तुगीजही त्या गावांच्या रक्षणासाठी ही रक्कम देत. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार आणि रामनगर जिंकले, तेव्हा रामनगरचा वारसा म्हणून हीच चौथ शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांकडे मागितली. पुढे मराठ्यांच्या राज्यविस्तारात सर्वत्र परिचित झालेल्या या शब्दाचे एक मूळ या परिसरात आहे.

साष्टी आणि वसईची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ च्या जानेवारीत या किनाऱ्यावरील ठाणी एकामागून एक घेतली. डहाणू त्याच महिन्यात पडले. तारापूरच्या लढ्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार कामी आला. मे महिन्यात वसईचा कोट पडला आणि पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता संपली. १८१७-१८ च्या युद्धानंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि गडांचे लष्करी महत्त्व उरले नाही.

डहाणूचा कोट

डहाणू रोड स्थानकापासून तीन-चार किलोमीटरवर, डहाणू गावात खाडीच्या उत्तर काठावर हा छोटा भुईकोट आहे. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम होते. इंग्रजी अमलापासून या आवाराचा उपयोग सरकारी कामकाजासाठी होत आला. त्यामुळे त्याच्या भिंती काही प्रमाणात टिकल्या, पण मूळ रचना बरीच झाकली गेली. बुरूज, दगडी तट आणि खाडीच्या बाजूचा देखावा एवढेच पाहायचे असल्यास पाऊण तास पुरतो. सरकारी आवार असल्याने आत जाण्यापूर्वी आणि छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारणे योग्य. दिवसाची सुरुवात किंवा शेवट करायला ही जागा उत्तम आहे, कारण येथे चढण नाही.

सेगवा आणि बल्लाळगड

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून गुजरातकडे जातो. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हे दोन गड आहेत. सेगव्याची वाट करंजविरा गावाकडून आहे. तासाभराच्या चढणीनंतर माथ्यावर ढासळलेला तट, पाण्याची टाकी आणि बांधकामाचे चौथरे दिसतात. बल्लाळगड तलासरीच्या पुढे, काजळी गावाजवळच्या लहानशा टेकडीवर आहे. तो चढायला सोपा असून अवशेष मोजकेच आहेत. दोन्ही गडांवरून महामार्गाची पट्टी स्पष्ट दिसते, आणि ते येथे का बांधले याचे उत्तरही तेथेच मिळते. दमणकडून येणारी वाट आणि डोंगरातून उतरणारी वाट या दोहोंवर नजर ठेवणारी ही टेहळणीची ठाणी होती. एका सकाळी दोन्ही गड पाहता येतात.

गंभीरगड

साधारण सव्वादोन हजार फूट उंचीचा हा गड परिसरातील सर्वांत दमछाक करणारा आहे. महामार्गावरील चारोटी नाक्यावरून कासा-सायवन मार्गाने व्याहाळी गावाच्या पाड्यांपर्यंत जाता येते. तेथून माथा गाठायला दोन तास धरावेत. वाट रानातून जाते, ढोरवाटा अनेक आहेत आणि दिशाफलकांवर विसंबता येत नाही. म्हणून पाड्यावरील एखादा माहीतगार सोबत घ्यावा आणि त्याचा मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा. माथ्यावर तटाचे अवशेष आणि टाकी आहेत. परंतु टाक्यातील पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. हवा स्वच्छ असल्यास आसपासच्या डोंगररांगांचा आणि महालक्ष्मीच्या सुळक्याचा विस्तृत देखावा दिसतो. गंभीरगड निवडला, तर त्या दिवशी दुसरा डोंगर धरू नये.

बाहरोटचा डोंगर

हा किल्ला नव्हे, पण या फेरीतील सर्वांत भावपूर्ण जागा कदाचित हीच. इराणमधून आलेल्या पारशांनी संजाण येथे वस्ती केली आणि तेथे पवित्र अग्नी, म्हणजे 'इराणशाह', प्रज्वलित ठेवला. संजाण आज गुजरातेत, येथून जवळच आहे. पुढे मुसलमानी फौजांनी संजाण घेतले, तेव्हा परंपरेनुसार धर्मगुरूंनी हा अग्नी बाहरोटच्या डोंगरावरील गुहांत आणून बारा वर्षे राखला. तेथून तो वांसदा, नवसारी असा प्रवास करीत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला आणि तेथे आजही तेवतो आहे. बोर्डीजवळच्या अस्वली धरणाकडून वर जाणारी वाट दीड-दोन तासांची आहे. पारशी बांधवांसाठी हे श्रद्धास्थान आहे. गुहांत आग पेटवणे, मोठ्याने संगीत वाजवणे वा खाद्यपदार्थांचा कचरा टाकणे कटाक्षाने टाळावे.

दिवसाची आखणी

पहिला पर्याय रेल्वेचा. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे १२५ किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्याने हा प्रवास सोपा झाला. विरारच्या पुढे मात्र गाड्यांची संख्या कमी होते. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच टिपून ठेवाव्यात. पहाटेच्या गाडीने निघून डहाणूला किंवा पुढच्या घोलवड स्थानकावर उतरावे आणि रिक्षाने अस्वली गाठावे. ऊन चढण्यापूर्वी बाहरोट, दुपारी बोर्डी-घोलवडला जेवण व विश्रांती, आणि संध्याकाळी डहाणूचा कोट असा क्रम सोयीचा ठरतो. रिक्षा परतीसाठीही ठरवून ठेवावी, कारण अस्वलीला वाहन सहज मिळत नाही.

दुसरा पर्याय स्वतःच्या वाहनाचा. पहाटे मुंबई सोडून महामार्गाने थेट तलासरीच्या पुढे जावे आणि प्रथम बल्लाळगड, मग सेगवा पाहावा. परतीच्या वाटेवर चारोटीजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मीचे मंदिर लागते. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. त्या काळात महामार्गावर गर्दी असते, हे ध्यानात ठेवून तारीख निवडावी. वेळ उरल्यास चारोटीहून डहाणूला जाऊन कोट पाहावा आणि तेथूनच परतावे.

तिसरा पर्याय केवळ गंभीरगडाचा. त्यासाठी सकाळी आठपूर्वी पायथ्याशी पोचणे आणि दुपारी तीनपर्यंत खाली उतरणे हा नियम करावा.

ज्यांना चारही बाजूंनी पाणी असलेला किल्लाच पाहायचा आहे, त्यांनी याच जिल्ह्यातील वसई तालुक्यातील अर्नाळा गाठावा. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला हा बेटावरचा कोट होडीने पाहता येतो. परंतु तो डहाणूच्या फेरीत बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी स्वतंत्र दिवस हवा.

काय न्यावे, काय जपावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. पावसाळ्यात परिसर रम्य असतो, पण वाटा निसरड्या होतात आणि ओढ्यांना अचानक पाणी येते. मार्चनंतर उघड्या कातळावर ऊन असह्य होते. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टाचेला पकड देणारे बूट आवश्यक आहेत. गडांच्या पायथ्याशी भोजनगृहे नाहीत, म्हणून शिदोरी बरोबर असावी. सीताफळ, चिकू किंवा ताडगोळे मोसमानुसार रस्त्याकडेला मिळतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

हा प्रदेश प्रामुख्याने वारली आदिवासींचा आहे. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध झालेल्या वारल्यांच्या लढ्याला तलासरीजवळच्या झरी येथील सभेतून बळ मिळाले आणि गोदावरी परुळेकरांनी तो नेटाने पुढे नेला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. गडाच्या वाटेवरील शेते, घरे आणि देवस्थाने ही येथील माणसांची आहेत. परवानगीवाचून छायाचित्रे घेणे वा पिकातून चालणे शोभत नाही.

या छोट्या गडांची खरी अडचण अशी की ते मोडकळीस येत असताना त्यांच्याकडे पाहणारे फार थोडे आहेत. तटाचा एखादा दगड रोज निसटतो, टाकी गाळाने भरते, आणि नाव विचारणारा कोणी नसल्याने गड पुढच्या पिढीच्या लक्षातून जातो. तेथे जाणाऱ्याने एकही दगड हलवू नये, भिंतीवर नाव कोरू नये आणि सोबतचे प्लास्टिक परत आणावे. गावकऱ्यांशी बोलावे, गडाची आठवण विचारावी. ती सांगणारी वृद्ध माणसे दरवर्षी कमी होत आहेत.