शिवथरची लेखनक्रिया आणि फाळके यांचे प्रकाशलेखन

महाड तालुक्यातील शिवथरची घळ ही दासबोधाची जन्मभूमी होय, असे समर्थ संप्रदायात मानले जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली हे स्थान प्रकाशात आणले. समर्थ सांगत व कल्याणस्वामी लिहून घेत, अशी परंपरा आहे. या ग्रंथातील ‘शिकवण’ नामक एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने होतो. अक्षर एकसारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असा व्यावहारिक उपदेश त्यात आहे. हातचे कसब शब्दांत बांधून पुढच्यास देता येते, ही त्यामागील भूमिका होय.

‘फोटोग्राफी’ या ग्रीकमूलक शब्दाचा अर्थही प्रकाशाने केलेले लेखन असाच आहे. हे नवे लेखन शिकून त्यावर उपजीविका करू पाहणारे व पुढे ते इतरांस शिकविणारे धुंडिराज गोविंद फाळके यांचे पूर्वायुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व १८९० नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तेथील प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांच्यातील गुण ओळखून छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्यांच्या हाती दिली, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय आरंभिला. परंतु १९०० साली प्लेगने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले आणि ते गाव त्यांनी सोडले.

बडोद्यास परतल्यावर व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय त्यांनी पुनश्च मांडला. तो चालला नाही. यंत्र माणसाच्या देहातील शक्ती शोषून घेते व त्यामुळे आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. साथीत आप्त गमावलेला हा गृहस्थ ज्यांच्यासमोर कॅमेरा ठेवी, ते त्याच यंत्रात मृत्यू पाहात, हे दैवदुर्विलसितच म्हटले पाहिजे. येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष एका क्रियापदाकडे जाते. मराठीत आपण फोटो ‘काढतो’, चित्रही ‘काढतो’. पण ‘काढणे’ या धातूचा मूळ भाव आतील वस्तू बाहेर आणणे हा आहे. बडोद्यातील भीती या शब्दातून उपजली, असे म्हणण्यास आधार नाही. बडोद्याची लोकभाषा मुख्यतः गुजराती होती. तथापि चित्र रेखाटणे व आतले काही हिरावून नेणे, या दोन्ही अर्थांना एकाच क्रियापदात जागा असावी, ही गोष्ट विचारणीय आहे.

१९०३ च्या सुमारास फाळके पुरातत्त्व खात्यात गेले. ती नोकरीही त्यांनी सोडली व ते मुद्रणव्यवसायात शिरले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी चित्रपट करावयाचे ठरविले, तेव्हा तयार कारागीर कोठून मिळणार? ते घडविणे भाग होते. त्र्यंबक तेलंग यांस त्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले. १९०२ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्याकडून आत्मसात केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, त्यामागे हे शिकविलेले हात होते.

छायाचित्रकार म्हणून फाळके यांस गिऱ्हाईक लाभले नाही, शिष्य लाभले. शिवथरच्या परंपरेने सांगणाऱ्याबरोबर लिहून घेणाऱ्याचेही नाव जपले. चित्रपटाच्या इतिहासात मात्र फाळके यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाईंचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत आटोपतो. शिकविण्याचा इतिहास लिहावयाचा तर शिकणाऱ्यासही त्यात त्याच मोलाचे स्थान दिले पाहिजे.