लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर

1870च्या दशकातलं जलालपूर. नाशिकजवळचं, गोदावरीकाठचं गाव. तुम्ही गोखल्यांच्या अंगणात उभे आहात. पुढं पाऊल टाकू नका, घरात सोवळं आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत नात्यातल्या अगदी जवळच्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानं नानांच्या मनात विटाळाची भीती कायमची बसली. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत जात नाही. मीठसुद्धा! बायकामाणसं निमूट धूत राहतात. परसात मात्र एक पोर हे सगळं डोळे मोठे करून पाहते आहे. नानांची लेक. मनकर्णिका तिचं नाव, घरची मनू. जन्म 1868चा. तिच्याकडं नीट बघून ठेवा. आज ती जे बघते आहे, ते पुढं सगळ्या महाराष्ट्राला सांगणार आहे.

अकरा-बारा वर्षांची होते न होते तोच तिचं लग्न लागतं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, तापट, मनानं उदार आणि एका जागी न टिकणारा. मनूची लक्ष्मी होते. अक्षरओळखही तिला त्यांच्याकडूनच होते.

आता 1895चा फेब्रुवारी. इथं जरा थांबा, घाई करू नका. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्याची बातमी घरात येऊन पोचली आहे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. पदराशी लहानगा दत्तू. कपाळावरचं कुंकू ठेवायचं, पण संसार कुठं मांडायचा? तुम्ही दाराशी उभे असता आणि सांत्वनाला शब्द सापडत नाहीत. बाई कोसळते, आजारी पडते, पंढरपुरात राहते. आणि हळूहळू, स्वतःच्या पायांनी, नवऱ्याच्या दिशेनं चालू लागते. आधी आपलं सोवळं सांभाळून. मग एक दिवस स्वतःलाच विचारते, की जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळाल्यावर मागं फिरत नाही. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मला त्यांचं सगळ्यांत मोठं धाडस हे वाटतं. धर्म बदलण्याआधी त्यांनी मन बदललं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

राहुरीला या. दुष्काळाचे दिवस. टिळक अनाथ पोरं घरी घेऊन येतात आणि लक्ष्मीबाई त्यांना वाढवतात. वाढणाऱ्या हाताला आता शिवाशिव उरलेली नाही. जलालपूरच्या अंगणापासून ही पंगत किती लांब आहे, ते तुम्हीच पाहिलं आहे. बसा पानावर.

पुढं नगरच्या घरात एक भावुक तरुण दिसेल. ते त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. हट्ट पुरवले, रुसवे काढले. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले आणि वर्षभरानं, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले.

आता ही बाई खचेल, असं तुम्हाला वाटतं. त्या मुंबईला जातात, कराचीला जातात, आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसतात. टिळकांचे अध्याय सुरुवातीचे थोडे. लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 लिहिले. शेवटचा दत्तूनं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे काम आहे.

1930 नंतरचं नाशिक. त्या आता आजी झाल्या आहेत. टिळकांच्या आठवणी सांग, लिही, असा दत्तूचा, म्हणजे देवदत्तांचा, आग्रह. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. 1934पासून या आत्मचरित्राचे भाग पुस्तकरूपानं येऊ लागले. जवळ बसून ऐका. बायका ओसरीवर बोलतात तशीच ही भाषा. नवऱ्याचा संताप सांगतात, स्वतःचं अडाणीपण सांगतात, आणि ऐन रडण्याच्या जागी तुम्हाला हसू फुटतं. त्या दुःख लपवत नाहीत. दुःखाला घरात जागा देतात, पण घराची मालकी देत नाहीत. मराठी गद्यात इतकं निर्मळ हसणं मला दुसरीकडं सापडलेलं नाही.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. पुढं त्यांचा नातू, अशोक देवदत्त टिळक, यांनी आजीचं हे पुस्तक मोठ्या कष्टानं, टिपांसह संपादित केलं. मुलानं आईला बोलतं केलं आणि नातवानं आजीचा शब्द जपला, म्हणून आज तुम्हाला त्या ओसरीवर जाता येतं.

शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा वाचून थांबू नका. संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ घरात आणा, आणि रोज थोडी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचा.