वंशावळीतील चौकोन आणि वर्तुळ

आपल्या जुन्या घराण्यांतून कुलवृत्तान्ताची एखादी तरी प्रत जपून ठेवलेली असते. ती उघडली की पुत्रपौत्रांच्या फांद्या पानभर पसरलेल्या दिसतात. कन्यांची नावे मात्र पुष्कळदा गळालेली असतात. वैद्यकातील वंशावळीला अशी गाळागाळ परवडत नाही. तेथे पुरुष चौकोनाने व स्त्री वर्तुळाने दाखवितात. अमेरिकेतील आनुवंशिक समुपदेशकांच्या संस्थेने १९९५ मध्ये या चिन्हांना प्रमाण रूप दिले. परंतु जो पुरुष म्हणून जगतो आणि ज्याच्या उदरी गर्भ आहे, त्याचे चिन्ह कोणते?

हा प्रश्न कल्पित नव्हे. जन्मवेळी मुलगी म्हणून नोंदलेल्या व पुढे पुरुष म्हणून राहू लागलेल्या पारलिंगी व्यक्तीचे गर्भाशय शाबूत असेल, तर तिला मूल होऊ शकते. टेस्टोस्टेरॉन घेतल्याने पाळी थांबते, पण ते गर्भनिरोधक नव्हे.

अशा रुग्णांचा वैद्यकाला अनुभव नाही, असे म्हटले जाते. आम्हांस ही सबब अपुरी वाटते. अनेक देशांत तो अनुभव येऊच नये अशी तजवीज कायद्यानेच केली होती. कागदोपत्री लिंगबदलास मान्यता देणारा पहिला कायदा स्वीडनने १९७२ मध्ये केला. पण अर्जदार प्रजननक्षम नसावा, ही त्यातील अट. निर्बीजीकरणाचा १९४१ मधील कुप्रसिद्ध कायदाही त्या देशात तेव्हा अजून उठलेला नव्हता, हे ध्यानी घ्यावे. जर्मनीनेही १९८० च्या कायद्यात तशीच अट घातली. तेथील घटना न्यायालयाने ती २०११ मध्ये मोडीत काढली. स्वीडनमध्ये ती २०१३ मध्ये गेली आणि २०१८ मध्ये पीडितांना प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई मंजूर झाली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाला ती घटनाबाह्य ठरविण्यास २०२३ उजाडले.

अमेरिकेत अशी देशव्यापी अट नव्हती, तरी गृहीतक तेच होते. ओरेगन राज्यातील थॉमस बीटी यांनी २००८ मध्ये आपले गरोदरपण जाहीर केले, तेव्हा अनेक डॉक्टरांनी आपल्याला नाकारल्याचेही सांगितले. याहून दारुण हकिकत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१९ मध्ये छापली. ३२ वर्षांचा एक पुरुष पोटदुखीने इस्पितळात आला. आपण पारलिंगी आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आली आहे, हे त्याने परिचारिकेला सांगितलेही. पण कागदावर 'पुरुष' असे होते. रक्तदाब वाढलेला, शरीर स्थूल, औषधे सुटलेली. तातडीचे काही नाही, असे ठरले. कित्येक तासांनी गर्भ असल्याचे कळले. बाळ मृत जन्मले. येथे कोणी तिरस्कार केला नव्हता, कोणी हाकलून दिले नव्हते. नोंदीतल्या एका शब्दापुढे रुग्णाचा स्वतःचा शब्द टिकला नाही, एवढेच.

आनुवंशिक सल्ल्यात ही अडचण अधिक सूक्ष्म होते. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, एक्स गुणसूत्रावरून उतरतो. बाधित पित्याच्या मुलग्याला पित्याकडून वाय गुणसूत्र मिळते, म्हणून तो निर्धास्त. मुलगी मात्र हटकून वाहक, आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला तो आजार होण्याचा संभव निम्मा. आता अशा पित्याचे अपत्य मुलगी म्हणून जन्मले व पुरुष म्हणून गरोदर राहिले असेल, तर नुसत्या चौकोनाने तक्ता सांगेल की भय नाही. वर्तुळ काढावे तर हिशेब बरोबर येतो, पण समोर बसलेला माणूस 'बाई' होतो. आकृती लिंगभावाप्रमाणे काढावी आणि जन्मवेळची नोंद तिच्याखाली अक्षरांत लिहावी, हा साधा तोडगा त्या संस्थेच्या प्रमाणपद्धतीत यायला २०२२ साल लागले.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एका पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिला. त्याची जोडीदार पारलिंगी स्त्री. जन्मदाखल्यात मात्र पित्याच्या रकान्यात तिचे नाव पडले आणि मातेच्या रकान्यात त्याचे. दोघे न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या दाखल्यावरील 'माता' व 'पिता' हे रकाने काढून दोघांचीही नावे 'पालक' म्हणून लिहिण्याचा आदेश दिला.