टाळ्या कुणाला, घाम कुणाचा?

टॉम आणि जेरी माहीत नाहीत असे घर आज सापडणे कठीण. त्यांचा ‘द कॅट कॉन्सर्टो’ १९४७ साली पडद्यावर आला. ऐटीत कोट घातलेला टॉम पियानोवर लिस्ट या संगीतकाराची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’ वाजवतो आणि आत झोपलेल्या जेरीची झोप मोडते. मग बोटांवर झाकण आपटणे काय, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा लावणे काय! पण वादन थांबत नाही. मारसुद्धा तालात बसतो, ही संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांची करामत. शेवटी टॉम थकून कोसळतो आणि टाळ्या जेरी घेतो.

त्याआधी, १९४६च्या अखेरीस, वॉर्नर ब्रदर्सचा ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ आला होता. तीच रचना, तोच पियानो, तिथेही उंदीर; वाजवणारा मात्र बग्ज बनी ससा. दोन्हीकडून चोरीचे आरोप झाले. माझे मत टॉमच्या बाजूचे, कारण तो एक शब्दही न बोलता हसवतो.

ऑस्कर टॉम-जेरीलाच मिळाले, ते निर्माते फ्रेड क्विंबी यांच्या हाती. ज्यांनी चित्रपट घडवला ते दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा मागेच राहिले. आम्हा सरकारी नोकरांना हे वेगळे सांगायला नको; टिपण एकाचे, सही दुसऱ्याची. क्विंबी १९५५ साली निवृत्त झाले. १९५७ साली एमजीएमने कार्टून विभागच बंद केला, तेव्हा या दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि तिला आपली दोघांची नावे दिली.