गाईच्या पायाखालची जमीन

गोठ्याचा इतिहास म्हटलं की बोलणं गाईच्या जातींवर जातं, दुधावर जातं, फार तर वैरणीवर. आज आपण जरा खाली बघणार आहोत, गाय जिच्यावर उभी राहते त्या जमिनीकडे. गेल्या दीडशे वर्षांत ही जमीन पार बदलली. पण हा बदल क्वचितच गाईसाठी झाला. कधी तो दूध पिणाऱ्यासाठी झाला, कधी शेण ओढणाऱ्यासाठी. त्याची किंमत मात्र गाईच्या खुरांनी मोजली.

आपला जुना गोठा आठवा. मुरूम टाकून धुमसानं चोपलेली जमीन, गव्हाणीकडे जरा उंच, मागे मूत्र वाहून जायला चारी. वरचा थर भिजून कुजला की तो खरवडून शेतात टाकायचा आणि नवा मुरूम भरायचा. 'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथात सांगितलंय की गोठा भक्कम, स्वच्छ आणि शेण काढलेला असेल तर खुराकात कमी पडलं तरी जनावरं वाढतात. म्हणजे स्वच्छतेचं भान काही साहेबानं दिलेलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा गाय गोठ्यात मुख्यतः रात्रीपुरती असायची. दिवसभर ती माळावर, बांधावर चालायची. खूर जेवढं वाढायचं तेवढं झिजायचं. गोठ्याची जमीन थोडी वाईट असली तरी खपून जायचं.

आता युरोपात जाऊ, कारण सिमेंटचा गोठा तिकडून आला. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि शहरी दुधाकडे लोक संशयानं बघू लागले. 1885 मध्ये ब्रिटनमध्ये गोठ्यांची सफाई, निचरा, हवा-उजेड यांवर नियम करायचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले. पाणी न मुरणारी, धुता येणारी जमीन हवी होती, आणि पोर्टलंड सिमेंट तर 1824 पासून पेटंट होऊन तयारच होतं. (आपल्याकडे पोरबंदरला त्याचं उत्पादन सुरू झालं 1914 मध्ये.) त्या नियम करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. दुधातून क्षय होऊन लेकरं मरत होती. शिवाय तिथं कोब्यावर पेंढ्याचा थर असायचा, तोवर गाईचंही निभत होतं.

पेंढा कमी झाला तो पुढे. 1960 च्या सुमारास चेशायर परगण्यातल्या हॉवेल इव्हान्स या शेतकऱ्यानं प्रत्येक गाईला पाइप लावून आखलेली निजायची जागा केली. मागची वाट मोकळी, ट्रॅक्टरनं शेण ओढायला सोपी. पेंढा वाचला, मजुरी वाचली, कासही स्वच्छ राहिली. ही पद्धत झपाट्यानं पसरली. गाय मात्र उघड्या कोब्यावर, ओल्या शेणात तासन् तास उभी राहू लागली.

त्यानं काय होतं? खुराच्या आत एक हाड असतं, ते तंतूंनी भिंतीला टांगलेलं असतं आणि त्याच्याखाली चरबीची गादी असते. मऊ जमिनीवर पाय थोडा रुततो, भार वाटला जातो. कोब्यावर तसं होत नाही. त्यात मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीवर भार जास्त. विण्याच्या सुमारास ते तंतू सैल पडतात, हाड खाली दबतं आणि तळव्याचा नाजूक भाग चेंगरतो. या व्रणाचं वर्णन स्वित्झर्लंडच्या रुस्टरहोल्झ यांनी 1920 मध्येच केलं होतं. पण चेंगरलेली जागा वर दिसायला साधारण दोन महिने लागतात. जूनमध्ये व्यालेली गाय ऑगस्टमध्ये लंगडते आणि दोष पावसाला दिला जातो! मला वाटतं, जमिनीचा गुन्हा इतकी वर्षं लपून राहिला तो या दोन महिन्यांमुळे.

गाईला काय हवं हे विचारायला उशीरच झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोरड्या भुशावर गाई दिवसाला 13.8 तास बसल्या, ओल्या भुशावर 8.8 तास. म्हणजे पाच तास जास्त पायांवर. मऊ असून उपयोग नाही, कोरडंही हवं.

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा पण घाईनं घडली. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू केली, 1970 पासून दुधाचा महापूर आला, आणि संकरित गाय दारोदारी पोचली. वजनानं भारी, दुधाला जास्त, आणि माळ आटल्यामुळे बहुतेक वेळ दावणीला. तिच्यासाठी कर्ज काढून कोबा केला गेला. पक्क्या घरासारखाच पक्का गोठाही प्रतिष्ठेचा झाला. मग पाय सुजले तेव्हा रबरी मॅट आल्या. मॅट बरीच, पण खाली मूत्र साचलं तर खूर भिजून मऊ पडतं आणि लवकर झिजतं. ती उचलून धुवावी लागते, आणि तेच कंटाळवाणं काम आधी टळतं.

अलीकडे महाराष्ट्रात मुक्त संचार गोठा बराच रुजलाय: कुंपण, झाडाची सावली, मुरमाची मोकळी जमीन. खर्चही कमी. खरी परीक्षा पावसाळ्यात, चिखल झाला की. म्हणून गव्हाणीपुढे खाचा पाडलेला कोब्याचा पट्टा, आणि छपराखाली कोरडी उंचवट्याची जागा ठेवतात. गाभण गाय विण्याच्या आधी-नंतरचे काही आठवडे त्या कोरड्या जागेवर राहिली, तर तिथं घातलेला मुरूम सगळ्यात कामी येतो. बडोदा, इंदूर, बेळगावकडचे श्रोते ऐकत असतील, तर तुमच्या भागात मुरमाऐवजी काय घालतात ते जरूर कळवा.